लेझेझी आणि वेझेरचं खोरं : फ्रान्समधल्या एका खेड्यात राहून काय काय पाहावं?

नदीकाठ

मी तुलूझला राहायला आल्यापासून बाबांचं एकच पालुपद चाललं होतं, "आयफेल टॉवर राहू दे गं, मला ती बैलांची गुहा दाखव." बाबा संगमनेरजवळ शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवत होते. ए. टी. डी. (कलाशिक्षकाची पदविका) करताना त्यांनी लास्को या आदिमानवाने रंगवलेल्या गुहेतल्या बैलाचं काडेपेटीएवढं काळंपांढरं चित्र पुस्तकात पाहिलं होतं. ते चित्र त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही. यंदा मे महिन्यात आई-बाबा आले आणि आम्ही पाच दिवस दोर्दोन्य भागातल्या लेझेझी या खेड्यात राहिलो. इथे मराठीत या भागावर फारसं काही सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतेय. कुणी गेलं असेल तर भर घालावी.

लेझेझी म्हणजे हजारेक वस्तीचं गाव. एक मुख्य रस्ता आहे, त्याच्या एका बाजूला वेझेर नदी आणि दुसऱ्या बाजूला चुनखडीचा उंच कडा. कडा नदीच्या बाजूला पुढे झुकलेला आणि त्याच्या पोटातच घरं बांधलेली. आम्ही उतरलो त्या घराची मागची भिंत म्हणजे सरळ डोंगरच होता. स्वयंपाकघरात फडताळाच्या मागे कातळ दिसायचा. आईने पहिल्या दिवशी त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हा किती गार लागतोय बघ." हजारो वर्षांपूर्वी इथे माणूस का थांबला असेल, हे मला त्या हातातून जास्त कळलं. डोक्यावर छप्पर, समोर नदी, थंडीत दक्षिणेचं ऊन. आणखी काय हवं?

'क्रो-मॅग्नन' हे आदिमानवाचं नाव शाळेत सगळ्यांनी वाचलंय. ती कपार याच गावात आहे. 1868 मध्ये रेल्वेच्या कामासाठी खोदताना तिथे सांगाडे सापडले आणि लुई लार्ते या भूशास्त्रज्ञाने ते तपासले. 'क्रो' म्हणजे स्थानिक बोलीत कपार. आज आपण स्टेशनवर उतरून दहा मिनिटं चाललो की तिथे पोहोचतो. या खोऱ्यातल्या पंधरा जागा युनेस्कोने 1979 मध्ये एकत्र वारसा म्हणून नोंदल्या आहेत.

आता मुख्य गोष्ट. खरी लास्को गुहा 1963 पासून लोकांसाठी बंद आहे. हे मी बाबांना पॅरिसच्या विमानतळावरून येतानाच सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, "मग खरं असं काहीच दिसणार नाही का?" दिसतं! हेच सांगायला मी हा धागा काढलाय. लेझेझीपासून चालत जाण्याच्या अंतरावर फों-द-गोम नावाची गुहा आहे. रंगीत चित्रं असलेली खरी गुहा, आजही उघडी. एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात.

तिकीटघरापासून गुहेच्या तोंडापर्यंत चांगलाच चढ आहे, बाबांना दोनदा थांबावं लागलं. आत गेल्यावर वाट इतकी अरुंद की खांदे आडवे करून जायचं. पाठीवरची पिशवी चालत नाही, फोटोही नाही. मार्गदर्शक बाई बोलता बोलता थांबल्या आणि हातातली विजेरी भिंतीवर समोरून धरली. मला फक्त लालसर डाग दिसले. मग त्यांनी विजेरी हळूच बाजूला नेली, प्रकाश तिरका केला आणि भिंतीतून गवा (बायसन) बाहेर आला. 'बाहेर आला' हे मी जपून लिहितेय. खडकाला जिथे फुगवटा आहे तिथेच त्याचं पोट आहे, जिथे खोलगट आहे तिथे मांडी सुरू होते. चित्रकाराने आधी खडक पाहिला, त्यात जनावर ओळखलं आणि मग रंग लावला.

पुढे दोन रेनडिअर आहेत. मादी गुडघे टेकून बसलीय, नर मान खाली घालून तिचं कपाळ चाटतोय. जीभ एका बारीक रेषेत कोरलेली आहे आणि ती तिरक्या उजेडातच दिसते. बाबांनी माझं मनगट धरलं आणि कुजबुजले, "अगं, एका दमात ओढलीय ती रेघ. खोडलेलं काही नाही."

बाहेर आल्यावर ते बराच वेळ झाडाखाली बसून होते. आम्हीही काही बोललो नाही.

या गुहेची आणखी एक गोष्ट बाबांना फार आवडली. गुहा गावाला आधीपासून ठाऊक होती, लोक आत जाऊन भिंतीवर नावंही लिहून यायचे. पण 1901 च्या सप्टेंबरात तिथली चित्रं ओळखली ती देनी पेरोनी यांनी, आणि ते गावातले शाळामास्तर होते! चारच दिवस आधी जवळच्या कोंबारेल गुहेतली कोरीव चित्रं उजेडात आली होती. गावातलं प्रागैतिहासिक वस्तुसंग्रहालयही पेरोनींनीच उभं केलं.

त्या संग्रहालयाला अर्धा दिवस द्याच. लास्कोत सापडलेला लाल वालुकाश्माचा दिवा तिथे आहे. आई म्हणाली, "ही तर पळी!" आणि खरंच, खोलगट वाटी आणि लांब दांडा, घोटून गुळगुळीत केलेला. त्यात चरबी जाळायचे. दुसरी पाहण्यासारखी वस्तू म्हणजे रेनडिअरच्या शिंगाच्या तुकड्यावर कोरलेला गवा. तो मान मागे वळवून स्वतःची कूस चाटतोय. शिंगाचा तुकडा आखूड, म्हणून मान वळवली असावी, असं बाबांचं मत.

किल्ले, नदी, बाजार यांवर पुढच्या प्रतिसादात लिहिते.

मिरजकर

सुंदर लिहिलंय. मनगट धरल्याचं वाचून माझे वडील आठवले. आम्ही सप्टेंबरात जायचं म्हणतोय, मी, बायको आणि सासूबाई. तीन प्रश्न आहेत. गाडी चालवायची नाही, तर जमेल का? सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, त्यांचं काय? आणि त्यांचे गुडघे दुखतात.

नदीकाठ

मिरजकर, लेझेझीला रेल्वे स्टेशन आहे, पेरिग्योहून गाडी येते. गाड्या मोजक्याच आहेत, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवा. गावातून फों-द-गोम, संग्रहालय आणि क्रो-मॅग्ननची कपार चालत होतं. कोंबारेल सार्ला गावाच्या रस्त्यावर दोनेक किलोमीटर पुढे आहे. बाकी ठिकाणांना मात्र गाडी लागते, या खोऱ्यात बस जवळजवळ नाहीच म्हणा. एक दिवस टॅक्सी ठरवलीत तर रुफिन्याकची गुहा आणि मोंतिन्याकमधली लास्कोची प्रतिकृती एकत्र होतील.

जेवणाबद्दल नीट सांगते, कारण आमची इथेच फसगत झाली. हा बदकाचा मुलूख आहे. उपाहारगृहात आईसाठी बटाटे मागवले, लसूण-कोथिंबिरीसारखं काहीतरी वर भुरभुरलेलं, खरपूस, छान वास. दोन घास झाल्यावर सहज विचारलं तर कळलं की बदकाच्या चरबीत परतलेत. सार्लाचे बटाटे म्हणून जे मिळतात ते असेच करतात. आईने ताट बाजूला सारलं आणि ती संध्याकाळभर बोलली नाही. चूक माझी होती, आधी विचारायला हवं होतं. तेव्हा भाजी असो, सूप असो की बटाटे, "साँ ग्रेस द कानार" म्हणजे बदकाच्या चरबीविना, हे वाक्य पाठ करून ठेवा. लसणाच्या सूपमध्येही ती असते.

स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या, हा माझा ठाम सल्ला. आम्ही कुकर नेला होता. बाजारात अक्रोडाचा पाव, शेळीच्या दुधाचं छोटं चपटं चीज, स्ट्रॉबेरी आणि अक्रोडाचं तेल मिळतं. शेवटच्या दिवशी आईने त्या तेलात कच्ची कोशिंबीर कालवली, ती चव अजून तोंडात आहे. तेल तापवू नका, कडवट होतं.

अनुजा_पॅरिस

आम्ही दोन मुलांना घेऊन गेलो होतो, तेव्हा आठ आणि पाच वर्षांची होती. मुलं असतील तर रुफिन्याक चुकवू नका. गुहा इतकी लांब (एकूण आठेक किलोमीटर बोगदे) की विजेवर चालणाऱ्या छोट्या आगगाडीतून आत नेतात. वाटेत अस्वलांनी झोपायला केलेले खळगे दिसतात, गोल गोल, भिंतीवर त्यांच्या नखांचे ओरखडे. गुहेतली ती अस्वलं कधीच नामशेष झाली, पण माझा धाकटा आईच्या मांडीवर जसा मुटकुळं करतो तसाच तो खळगा. धाकटा खाली वाकून म्हणाला, "ते उठून कुठे गेलं?"

शेवटी मोठं छत येतं. तिथे गाडीतून उतरायचं आणि मान वर करायची. मॅमथ, घोडे, रानबकरे, गेंडे, सगळे काळ्या रेघेत, एकमेकांवर चढलेले. चित्रं काढली तेव्हा छत हाताला लागेल इतकं जवळ होतं. जमीन नंतर खाली खणली आहे. म्हणजे ज्याने काढली त्याला आडवं पडून काढावी लागली आणि एका नजरेत पूर्ण जनावर कधी दिसलंच नसणार. हे ऐकल्यावर अंगावर काटा आला.

त्याच छतावर दोनतीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी मेणबत्तीच्या काजळीने नावं लिहून ठेवलीत, थेट मॅमथच्या अंगावरून. आपल्याकडे गडांवर नावं कोरतात तेव्हा जसं वाईट वाटतं तसंच वाटलं.

आत बाराही महिने तेराच अंशांच्या आसपास तापमान असतं. बाहेर ऊन असलं तरी स्वेटर हवाच. आणि हिवाळ्यात गुहा बंद असते.

गडवाटा

धाग्याबद्दल आभार. मी गड-किल्ल्यांचा माणूस, त्यामुळे दोर्दोन्य नदीच्या बाजूला जास्त रमलो. लेझेझीहून गाडीने अर्ध्या तासात पोहोचतो. बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे आहेत. शंभर वर्षांच्या युद्धात एक फ्रेंचांकडे, तर दुसरा बराच काळ इंग्रजांकडे. बेनाकच्या तटावर उभं राहिलं की समोरच्या किल्ल्यावरची हालचाल दिसावी इतकं जवळ. नदी हीच सरहद्द होती, हे पुस्तकात वाचून कळत नाही, तिथे उभं राहून कळतं.

कास्तेलनोत युद्धसाहित्याचं संग्रहालय आहे आणि तटाबाहेर दगडफेकीची मोठी लाकडी यंत्रं उभी केलीत. एका टोकाला जड पेटी, दुसऱ्या टोकाला गोफण. पेटी सोडली की गोफण वर उसळते. तोफ येण्याआधी किल्ला कसा घेत असतील, हे मला तिथे पहिल्यांदा नीट उमगलं.

पण माझ्या मनात राहिलं ते वेझेरच्या काठावरचं ला रोक सँ-क्रिस्तोफ. साधारण एक किलोमीटर लांबीचा कडा आणि त्यात एकावर एक पाच मजले कपारी. आदिमानवापासून मध्ययुगापर्यंत लोक इथे राहिले. 1588 मध्ये फ्रान्समधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धांच्या काळात इथली वस्ती आणि तटबंदी पाडून टाकली. आता काय उरलंय? कातळात तुळया बसवण्यासाठी केलेले चौकोनी खोबणे. शेकडो. आपल्या गडांवर सदरेच्या जोत्यावर खांबांचे खळगे दिसतात ना, अगदी तसे. खोबणे मोजत गेलं की कुठे मजला होता, कुठे जिना होता, ते डोळ्यांपुढे उभं राहतं. पाणी धरायला कातळात कोरलेली पन्हळीही आहेत. मी तिथे तीन तास होतो. बरोबरची मंडळी खाली जाऊन बसली होती.

दोम हे डोंगरमाथ्यावरचं तटबंदीचं गाव 1281 मध्ये वसवलेलं. संध्याकाळी तिथून खालची नदी पाहा.

दगडफूल

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. 'खरी गुहा अजून उघडी आहे, जाऊन या' असं आपण एकमेकांना सांगत राहिलो तर ती किती दिवस उघडी राहील?

लास्कोचं काय झालं ते आठवा. 1940 च्या सप्टेंबरात चार मुलांना ती सापडली. युद्धानंतर 1948 मध्ये लोकांना खुली केली. पुढे दिवसाला हजारावर माणसं जाऊ लागली. माणूस आत गेला की काय नेतो? उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, वाफ आणि बुटाच्या तळव्याला चिकटलेली माती. दिव्यांच्या उजेडात भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं, दुसरीकडे वाफ आणि कार्बन डायऑक्साइडमुळे पांढरा क्षार साचू लागला. सतरा हजार वर्षांहून जास्त टिकलेली चित्रं पंधरा वर्षांत आजारी पडली. मग सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी 1963 मध्ये गुहा बंद केली. त्यानंतरही बुरशीचा त्रास झालाच.

मी जतनाच्या क्षेत्रात काम करते. अजिंठ्याच्या लेण्यांत सुट्टीच्या दिवशी दुपारी उभं राहिलं की आतली हवा जड झालेली मला जाणवते. म्हणून मला प्रतिकृती हाच प्रामाणिक मार्ग वाटतो. लास्को-२ या प्रतिकृतीसाठी मोनिक पेत्राल या चित्रकर्तीने कित्येक वर्षं खपून, खनिज रंग वापरून भिंती रंगवल्या. तिला कुणी 'नक्कल' म्हणू नये.

नदीकाठ

दगडफूल, तुमचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवत होते, म्हणून उत्तराला उशीर झाला.

आम्ही मोंतिन्याकला लास्कोच्या प्रतिकृतीचं नवं केंद्रही पाहिलं, 2016 मध्ये उघडलेलं. बाबा नाखुशीने आले होते. पण बैलांच्या दालनात शिरल्यावर त्यांचा चेहरा बदलला. सगळ्यात मोठा बैल पाच मीटरच्या वर आहे! पुस्तकातल्या काडेपेटीएवढ्या चित्रातून हे कधी कळणार? ते म्हणाले, "याला खांद्यातून हात फिरवावा लागतो, मनगटातून नाही." मग त्यांनी रंग ओळखायला सुरुवात केली. हा गेरू, ही काव, ही हुरमुंज, काळा बहुतेक मँगनीजचा. निळा आणि हिरवा कुठेच नाही, हे त्यांनीच मला दाखवलं. प्रतिकृती नसती तर हे त्यांना या जन्मी दिसलं नसतं. तेव्हा तिला मी मुळीच कमी लेखत नाही.

तिथे ऐकलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. लास्कोत सापडलेली हाडं बहुतेक रेनडिअरची, म्हणजे लोक खात होते रेनडिअर. पण भिंतींवर रेनडिअर जवळजवळ नाहीच, घोडे आणि बैल आहेत. पोट भरायचं ते वेगळं आणि चितारायचं ते वेगळं.

पण फों-द-गोममध्ये तो प्रकाश तिरका झाला तेव्हा जे झालं ते मला प्रतिकृतीत झालं नाही. तिथे मला खडकाचा गारवा लागत होता, पायाखाली ओल होती, आणि ज्या अंधारात त्या माणसाने चित्र काढलं त्याच अंधारात आम्ही उभे होतो. मला वाटतं, कमी माणसं, कमी वेळ, कडक नियम, असं करून ती उघडी ठेवतात हे बरोबर आहे. संख्या आणखी घटवली तरी माझी तक्रार नसेल. माझं तिकीट त्यात गेलं तरी चालेल.

एक सुचवते. आधी मोंतिन्याकची प्रतिकृती पाहा, डोळे तयार होऊ द्या आणि मग एकच खरी गुहा पाहा. तिन्ही-चारही गुहा एका दिवसात उरकायच्या सहली निघतात. आमच्याच गटातले एक आजोबा अशा सहलीतून आले होते, पुढची वेळ गाठायची म्हणून सारखे घड्याळ पाहत होते. इतक्या लांब येऊन असं करू नये.

राजापूरचा

वाचून राहवलं नाही. आमच्या सड्यावर, बारसूला, लहानपणापासून कातळावरची चित्रं पाहत आलोय. गुरं चारायला गेलो की त्यांवरूनच चालायचो. आज तीच कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, 2022 पासून. तुमच्या पेरोनी मास्तरांची गोष्ट म्हणून जवळची वाटली. गावाला माहीत असतं, पण कुणीतरी थांबून नीट बघावं लागतं.

फरक एवढाच की आमची चित्रं उघड्यावर, आडव्या जांभ्यावर. पाऊस, ऊन, गुरं आणि चिऱ्याच्या खाणी सगळं सोसतायत. कशेळीचा हत्ती पाहिलात का कुणी? इतका मोठा की जमिनीवर उभं राहून पूर्ण नजरेत मावत नाही. अनुजाताईंनी रुफिन्याकबद्दल लिहिलंय तसंच, काढणाऱ्यालाही तो पुरता दिसला नसेल.

त्या खोऱ्यात गावकऱ्यांना या सगळ्याचा काय उपयोग होतो, ते कुणी सांगेल का? आमच्याकडे हाच प्रश्न पहिला येतो.

अनुजा_पॅरिस

राजापूरचा, मी पाहिलं तेवढं सांगते. रुफिन्याकची गुहा खाजगी मालकीची आहे, एक कुटुंब ती सांभाळतं. फों-द-गोम, कोंबारेल सरकारी आहेत. गावात घरं भाड्याने देणारे, वेझेरमध्ये होड्या देणारे, अक्रोड विकणारे, सगळ्यांचं पोट या गुहांवर आहे. पण हंगाम उन्हाळ्याचाच असतो. आम्ही नोव्हेंबरात परत गेलो तेव्हा मुख्य रस्त्यावर निम्मी दारं बंद होती.

दुसरी बाजूही आहे. लेझेझीजवळ काप ब्लाँ नावाची कपार आहे, तिथे रंग नाहीत, जवळजवळ पूर्ण आकाराचे घोडे खडकात उठावाने कोरलेत. त्याखाली एका स्त्रीचा सांगाडा सापडला होता. तो 1926 मध्ये शिकागोच्या संग्रहालयाने विकत घेतला. कपारीत आता सांगाड्याची प्रतिकृती आहे. घोडे घरी आणि ती सातासमुद्रापार. मला फार चटका लागला.

राजापूरचा

हे माहीत नव्हतं. आमच्याकडे निदान कातळ उचलून नेता येत नाही.

नदीकाठ

गुहांतच गुंतले, निसर्गाचं राहिलं. आम्ही सँ-लेओंहून लेझेझीपर्यंत वेझेरमधून होडीने आलो, चार-पाच तास लागले. पाणी संथ आणि उथळ, आईला पोहता येत नाही तरी तिला भीती वाटली नाही. काठावर राखी बगळे, मधूनच निळा खंड्या सुर्रकन जायचा. आणि ला रोक सँ-क्रिस्तोफ खालून, पाण्यातून दिसतं! गडवाटा म्हणाले ते खोबणे खालूनही मोजता येतात. लिम्यई या गावात वेझेर दोर्दोन्यला मिळते. तिथे दोन नद्यांवरचे दोन पूल काटकोनात उभे आहेत. आईने संगमावर पाय बुडवले, ओंजळभर पाणी सोडलं. तेवढा वेळ आम्ही मागे उभे राहिलो.

सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. शनिवारचा मोठा, सकाळी नवाच्या आत पोहोचा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. मार्केसाकची बागही छान आहे, कात्रीने गोल गोल छाटलेली हिरवी झुडपं, तिथून पूर्ण दरी दिसते. पण वेळ कमी असेल तर मी ती सोडेन.

मिरजकर

सगळ्यांचे आभार. सप्टेंबरचा दुसरा आठवडा ठरवला. चार दिवस लेझेझी, एक दिवस टॅक्सी. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी फों-द-गोम की कोंबारेल? एकच करायची आहे.

नदीकाठ

कोंबारेल. फों-द-गोमचा चढ त्यांना झेपणार नाही. कोंबारेलला बाहेर चढ नाही, आत वाट अरुंद आहे पण साधारण सपाट. तिथे रंग नाहीत, कोरलेल्या रेघा आहेत, सहाशेच्या वर. पहिली दोन मिनिटं काहीच दिसणार नाही, तेव्हा त्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होणार नाही. मग मार्गदर्शक उजेड फिरवतील. सिंहीण दिसेल. पाणी प्यायला वाकलेला रेनडिअर दिसेल, आणि त्याच्या तोंडाजवळ खडकात फट आहे, ती पाहा.

तिकीट आधीच काढून ठेवा, आणि सासूबाईंना शाल द्या.